पिल्लं न्यायला येण्याआधी: आमच्या गिऱ्हाइकांसाठी माहितीपत्रक

आमच्या खाद्याच्या दुकानात कोंबडीची पिल्लं मागायला कुणी आलं की आम्ही आधी विचारतो, "ब्रूडर लावलाय का?" ब्रूडर म्हणजे पिल्लांना ऊब द्यायची बल्बची किंवा शेगडीची सोय. नाही म्हणाले तर नोंदणी करून तारीख देतो, हातात बॉक्स देत नाही. यावरून काहीजण रागावून जातात. पैसे रोख आहेत, बॉक्स समोर दिसतोय, मग अडचण कुठं आली, असं त्यांना वाटणं साहजिक आहे. ती अडचण नीट सांगता यावी म्हणून हे पत्रक काढलं आहे.

हॅचरीत, म्हणजे अंडी उबवणी केंद्रात, अंडं मशीनमध्ये २१ दिवस असतं. पहिले १८ दिवस उबवणाऱ्या सेटरमध्ये आणि शेवटचे तीन, पिल्लं फुटतात त्या हॅचरमध्ये. कवच फोडण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं. त्या शिदोरीवर ते दाण्यापाण्याशिवाय साधारण ७२ तास तग धरतं, म्हणून तर एक दिवसाची पिल्लं लांबवर पाठवता येतात. पण एका मशीनमधली सगळी अंडी एका वेळी फुटत नाहीत. पहिल्या आणि शेवटच्या पिल्लात दिवसभराचं अंतर पडू शकतं. त्यानंतर निवड, लस, मोजणी आणि रात्रीचा प्रवास. सकाळी आमच्या दारात बॉक्स उतरतो तेव्हा त्यातल्या काही पिल्लांची निम्मी शिदोरी संपलेली असते. ७२ तास ही शेवटची हद्द झाली. चांगल्या वाढीसाठी पिल्लाला पहिल्या दिवसातच पाणी, दाणा आणि ऊब मिळायला हवी. आईकडून आलेली रोगप्रतिकारशक्तीसुद्धा त्या बलकातूनच अंगात उतरते. पिल्लू गारठलं की बलक नीट जिरत नाही, पोटात तसाच राहून सडतो.

पूर्वी आम्हीही उरलेली पिल्लं दुकानात बल्बखाली ठेवून विकत होतो. दुकानात दिवसभर माणसांची ये-जा, प्रत्येकाच्या चपलेला आपापल्या खुराड्यातली माती, वर खाद्याची धूळ. एका पावसाळ्यात भुदरगडकडच्या एका ताईंनी अशी तीन दिवस दुकानात राहिलेली पंचवीस पिल्लं नेली. आठवड्यात त्यातली अठरा गेली. त्या परत आल्या त्या पैसे मागायला नव्हे. "माझं काय चुकलं?" एवढंच त्यांनी विचारलं. चूक त्यांची नव्हती, आमची होती. त्या दिवसापासून आम्ही पिल्लं फक्त नोंदणीवर मागवतो आणि आलेल्या दिवशीच वाटतो. उरलेली पिल्लं विकायला ठेवत नाही.

पिल्लं कुठली, हे विचारा

आमच्याकडून घ्या, दुसऱ्या दुकानातून घ्या किंवा थेट हॅचरीतून आणा, चार गोष्टी विचारायला संकोच करू नका. पिल्लं कोणत्या हॅचरीची, फुटली कधी, मरेक्स या विषाणूच्या रोगाची लस दिली आहे का, आणि मूळ कोंबड्यांची पांढऱ्या हगवणीसाठी रक्ततपासणी होते का. या शेवटच्या प्रश्नाकडं फारसं कुणी लक्ष देत नाही, पण आमच्या मते तो सगळ्यात मोलाचा आहे. पांढरी हगवण, म्हणजे पुलोरम, कोंबडीकडून अंड्यात आणि अंड्यातून पिल्लात उतरते. असा रोग घेऊनच जन्मलेल्या पिल्लापुढं तुमचं गरम शेड आणि स्वच्छ भांडी फार काळ टिकत नाहीत. मरेक्सची लसही हॅचरीतच, पहिल्या दिवशी, मानेच्या कातडीखाली टोचतात. ती तिथं राहिली तर पुढं घरी देऊन भरून निघत नाही.

पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि आपल्या कोल्हापुरात आहेत. तिथली पिल्लं घ्यायची असतील तर आधी चौकशी करून नाव नोंदवून ठेवलेलं बरं. आम्ही हे स्वतःहून सांगतो, कारण पिल्लू चांगलं असलं की खाद्याला गिऱ्हाईक आमच्याकडं येतंच.

यात्रेत आणि बाजारात टोपल्यांतून गुलाबी, हिरवी रंगवलेली पिल्लं विकतात. मुलं हट्ट धरतात. ती बहुतेक अंड्यांच्या जातीतले नर असतात. ती अंडी देणार नाहीत, अंगानंही फारशी भरणार नाहीत, आणि त्यांना लस मिळाली की नाही ते कुणालाच माहीत नसतं. घरात कोंबड्या असतील तर त्यांच्यात हे पिल्लू सोडू नका.

बॉक्स उघडून बघा

बॉक्स उघडून पाहणं हा तुमचा हक्क आहे. कितीही गर्दी असली तरी आम्ही तुम्हाला पाच मिनिटं देतो.

आधी हात न लावता नुसतं ऐका. निरोगी पिल्लांचा आवाज मंद आणि समाधानी असतो. सगळा बॉक्स टिपेला लागून ओरडत असेल तर पिल्लं गारठली आहेत किंवा तहानली आहेत. चोची उघड्या टाकून धापा टाकत असतील तर त्यांना उकडतंय. मग वेगवेगळ्या कप्प्यांतली दहा-बारा पिल्लं हातात घ्या. एका बॉक्सला चार कप्पे, कप्प्यात पंचवीस, असा हिशोब असतो. फक्त वरच्या कोपऱ्यातली बघून समाधान मानू नका.

पहिल्यांदा बेंबी बघा. ती पूर्ण मिटलेली आणि कोरडी हवी. तिथं काळी गाठ, चिकटलेला दोरा किंवा ओल दिसली, पोट फुगून टणक लागलं, वास आला, तर ते पिल्लू बाजूला काढा. बेंबी पिकलेलं पिल्लू औषधानं क्वचितच वाचतं आणि पहिल्या आठवड्यातली बरीचशी मरतूक इथूनच सुरू होते. पाय तुकतुकीत, मेण लावल्यासारखे असावेत. सुरकुतलेले, कोरडे पाय म्हणजे अंगातलं पाणी कमी झालंय. गुडघे लाल असतील तर पिल्लाला कवचातून बाहेर पडायला फार झगडावं लागलंय. डोळे उघडे आणि चमकदार, चोच सरळ, मागची बाजू स्वच्छ, पिसं सुटी आणि कोरडी हवीत. शेवटी पिल्लू तळहातावर उताणं ठेवा. ताकदीचं पिल्लू तीन सेकंदांत उलटून उभं राहतं.

लहान पिल्लू म्हणजे आजारी पिल्लू असं समजू नका. पिल्लाचं वजन अंड्याच्या वजनाच्या साधारण दोन तृतीयांश असतं. ५० ग्रॅमच्या अंड्यातून ३३-३४ ग्रॅमचं पिल्लू निघणार. नुकत्याच अंड्यावर आलेल्या कोंबड्यांची अंडी लहान, म्हणून पिल्लंही लहान. मात्र एका बॉक्समध्ये मोठी आणि बारकी मिसळलेली असतील तर मोठी बारक्यांना भांड्याजवळ येऊ देत नाहीत. एकसारखी पिल्लं मागा.

कोणती जात घ्यावी

हे तुमच्या गरजेवर आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. परसात पाच-पंचवीस पाळायच्या असतील तर बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली गिरिराजा, किंवा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेच्या वनराजा आणि ग्रामप्रिया बऱ्या पडतात. वनराजा अंगानं चांगली भरते, ग्रामप्रिया अंड्यांना चांगली. यांना गावरान म्हणून विकत असतील तर ते खरं नव्हे, एवढं ध्यानात असू द्या. अस्सल गावरान सावकाश वाढते. नर आणि माद्या वेगळ्या न काढलेल्या बॉक्समध्ये निम्मे नर निघणार, त्याचा हिशोब आधीच धरा.

कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातली जुनी, चांगली जात आहे. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथच्या नावावर काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पिल्लं देतो, अंडी-कोंबड्या आम्हीच परत घेतो, या आश्वासनावर किती घरांनी कर्ज काढलं आणि फसली! कोंबडीत खोट नव्हती, करारात होती. म्हणून परत खरेदीची हमी देऊन महाग पिल्लं विकणारा कुणी भेटला तर आधी बाजारात जाऊन तुमचा माल दुसरं कोण घेईल ते विचारून या.

घरी नेताना

मोटारसायकलवर बॉक्स मागं बांधून गगनबावडा किंवा आंबा घाटाकडं जाणारे पुष्कळ गिऱ्हाईक आहेत. वाऱ्याचा सरळ झोत बॉक्सच्या भोकांतून आत शिरतो आणि तासाभरात पुढच्या कप्प्यातली पिल्लं गारठतात. पुढच्या बाजूची भोकं गोणपाटानं झाका, पण चारही बाजू कधीच बांधू नका. पावसात वरून प्लास्टिक टाकायचं असेल तर बाजूनं हवा खेळती राहू द्या. चारचाकीच्या डिकीत ठेवू नका. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत निघा आणि वाटेत चहाला थांबायचं असेल तर बॉक्स उन्हात ठेवू नका.

पहिली रात्र

ब्रूडर पिल्लं येण्याआधी निदान चार तास सुरू असावा. पावसाळ्यात तर आदल्या रात्रीपासून, कारण तूस आणि जमीन गरम व्हायला वेळ लागतो. वरची हवा गरम आणि खाली तूस गार असेल तर पिल्लाला पायांतूनच गारठा चढतो. भाताचं कोरडं तूस दोन-तीन इंच पसरा. पहिले दोन-तीन दिवस वर कागद अंथरून त्यावर मक्याचा भरडा टाका. गुळगुळीत कागद नको, त्यावर पाय घसरून फाकतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ९५ अंश फॅरेनहाइट, म्हणजे ३५ सेल्सिअस, आणि पुढं दर आठवड्याला ५ अंश फॅरेनहाइट कमी. बल्बचा हिशोब पिल्लामागं दोन वॅट.

थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकावर एक गठ्ठा झाला तर थंडी आहे, कडेला पळाली तर उकडतंय, एकाच बाजूला सरकली तर दुसऱ्या बाजूनं वारा येतोय. सगळीकडं विखरून निवांत पडली की ऊब बरोबर आहे. राधानगरी, शाहूवाडीकडच्या पावसात लाइट गेली की पहाटे दोनला हाल होतात. म्हणून कोळशाची शेगडी किंवा गॅस ब्रूडर तयार ठेवा. पण शेगडी लावून सगळे पडदे बंद करू नका, धुरानं पिल्लं गुदमरतात.

आल्याआल्या आधी पाणी, मग दाणा. पाणी कोमट असावं. पहिल्या काही तासांसाठी लिटरभर पाण्यात चमचाभर आपला कोल्हापुरी गूळ विरघळवा. त्यानंतर साधं पाणी, नाहीतर भांडी आंबतात. दोन-चार पिल्लांची चोच पाण्यात बुडवून दाखवली की बाकीची बघून शिकतात. झोपायच्या आधी वीसेक पिल्लांच्या गळ्याची पिशवी चाचपून बघा. भरलेली आणि मऊ लागली की काम झालं. टणक लागली तर दाणा मिळालाय पण पाणी नाही.

घरात खुडूक कोंबडी असेल तर ब्रूडरपेक्षा ती चांगली. रात्री अंधारात, बसलेल्या कोंबडीखाली पिल्लं सरकवा आणि पहाटे उठून तिनं ती स्वीकारली का ते बघा. आधी तिच्या पंखाखाली उवा-पिसवा नाहीत याची खात्री करा. ही सोय पिल्लं एक दिवसाची असतील तेव्हाच जमते.

लस आणि खाद्य

मानमोडीची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. गंबोरो या रोगाची लस बाराव्या ते चौदाव्या दिवशी, लासोटा पुन्हा चौथ्या आठवड्यात. पुढं देवीची लस आणि आठव्या आठवड्यानंतर मानमोडीची मोठी लस. लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त डोसची येते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून गल्लीतल्या चार घरांनी एकच दिवस ठरवा. लस बर्फातच न्या. ती पाण्यातून देत असाल तर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेलं नळाचं पाणी वापरू नका, क्लोरीननं लस मरते.

घरात म्हशीची गोळी पेंड असते, तीच मूठभर पिल्लांना टाकली असं बरेचजण सांगतात. कृपा करून टाकू नका. जनावरांच्या खाद्यात युरिया असू शकतो आणि सरकी पेंडेतला गॉसिपॉल हा विषारी घटकही कोंबडीला बाधतो. पिल्लांना स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं खास खाद्यच हवं. पहिल्या आठवड्यात शंभर पिल्लांना दिवसाला साधारण किलोभर लागतं. पोत्यावरची तारीख बघा, मूठ नाकाशी धरा. कुबट वास किंवा गाठी असतील तर परत करा. बुरशी लागलेल्या मक्यातलं विष शिजवून किंवा वाळवून जात नाही. पावसाळ्यात पंधरा दिवस पुरेल एवढंच घ्या आणि पोतं फळीवर, भिंतीपासून लांब ठेवा.

पहिल्या दिवसापासून "ताकदीला" म्हणून अँटिबायोटिक मागतात. ते आम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देत नाही. कोलिस्टिन तर २०१९ पासून जनावरं आणि कोंबड्यांसाठी केंद्र सरकारनं बंद केलं आहे.

मरतूक झाली तर

हॅचरी शेकडा दोन पिल्लं जादा देते, ती आम्ही तुम्हालाच देतो. बॉक्स उघडताना मेलेली किंवा बेंबी पिकलेली पिल्लं आमच्यासमोरच बदलून घ्या. पहिल्या आठवड्यात शंभरातली एक-दोन जाणं समजू शकतं. त्याहून जास्त गेली तर वाट बघू नका. ताजं मेलेलं पिल्लू पिशवीत घालून बर्फावर ठेवा आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, किंवा जनावरांच्या डॉक्टरांसाठीच्या १९६२ या सरकारी क्रमांकावर फोन करा. तपासणीत दोष हॅचरीचा निघाला तर आम्ही तुमच्या बाजूनं हॅचरीशी बोलू. ऊब कमी पडली असं निघालं तर पैसे परत देता येणार नाहीत, पण पुढच्या बॅचला ब्रूडर लावून द्यायला आमचा माणूस येईल. त्याचे पैसे नाहीत.

आषाढात कोंबडीला मागणी चढते आणि श्रावणात उतरते, म्हणून फाल्गुन-चैत्रातल्या तारखा लवकर भरतात. गिरिराजा-वनराजासारख्या जातींना विक्रीच्या वजनाला अडीच-तीन महिने लागतात, त्या हिशोबानं नोंदणी करा. आदल्या संध्याकाळी आम्ही फोन करू. निघण्याआधी ब्रूडर सुरू केल्याचं घरच्यांकडून विचारून घ्या आणि सकाळी आठच्या आत दुकानात या. पावती जपून ठेवा, तिच्या पाठीमागं तुमच्या पिल्लांच्या लसीच्या तारखा आम्ही हातानं लिहून देतो.