जुन्या बोटीचा ब्रेकर बदलताना
बोटमालक आणि तांडेल यांच्यासाठी माहितीपत्रक

१ जूनला मासेमारी बंदी लागते, बोटी वर ओढल्या जातात आणि आमच्या दुकानात एक मागणी हमखास येते: "जुना एमसीबी सारखा पडतोय, जरा मोठा द्या." एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडून लाइन तोडणारा छोटा ब्रेकर. तसा मोठा ब्रेकर आम्ही लगेच काढून देत नाही.

ब्रेकर वाचवतो तो वायरीला. म्हणून त्याचा अँपिअर वायरीच्या जाडीपेक्षा वरचढ असून चालत नाही. समजा, २४ व्होल्टच्या बोटीवर एका लाइनला २० वॅटचे सहा दिवे आहेत. १२० भागिले २४, म्हणजे ५ अँपिअर. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर धड असेल तर तिथे १० अँपिअरचा ब्रेकर पुरे. ३२ चा लावलात तर तो पडायचा थांबेल, पण बिघाड झाल्यावर वायर तापेल, आणि ती गेलेली असते लाकडी फळ्यांमागून. ब्रेकर वारंवार पडत असेल तर आधी लाइन बघा. इंजिनाच्या कंपनाने घासून सोललेली वायर, जोडात शिरलेलं खारं पाणी, पाणी उपसायच्या पंपात अडकलेलं जाळ्याचं सूत. ब्रेकरचा स्क्रू सैल असला तरी तिथली उष्णता त्याला लवकर पाडते. इंजिनखोलीतल्या उकाड्यानेही साधा थर्मल, म्हणजे उष्णतेवर चालणारा ब्रेकर लवकर पडतो. पॅनेल केबिनमध्ये हलवता आलं तर जरूर हलवा.

घरातला एमसीबी बॅटरीच्या लाइनवर लावू नका. घरातला एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ब्रेकर उघडताना झालेली ठिणगी विझायला मदत होते. बॅटरीचा करंट डीसी असतो, तो असा शून्यावर येतच नाही. ठिणगी जळत राहून ब्रेकर आतून वितळू शकतो. काही कंपन्या त्याच एमसीबीला ठरावीक डीसी व्होल्टपर्यंत मान्यता देतात. कंपनीच्या कागदावर तसं छापलेलं असेल तरच तो घ्या.

ब्रेकरच्या अंगावरचं नीट वाचा. नागमोडी रेघ म्हणजे एसी. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ म्हणजे डीसी. डीसी व्होल्टचा आकडा ३२ च्या खाली नको, कारण २४ व्होल्टच्या बॅटऱ्या चार्ज होताना २८-२९ पर्यंत चढतात. चौकटीतला ६००० किंवा १०००० हा आकडा शॉर्ट झाल्यावर किती अँपिअर तोडता येतील ते सांगतो, पण तो बहुधा एसीचा असतो. डीसीचा वेगळा विचारा. ट्रॉलरच्या मोठ्या बॅटऱ्या शॉर्टमध्ये हजारो अँपिअर सोडतात.

सोलरच्या कामातले डीसी एमसीबी स्वस्त मिळतात, पण त्यांतल्या अनेकांवर धन-ऋण खुणा असतात. असा ब्रेकर उलटा जोडला तर ठिणगी विझत नाही. बॅटरीच्या मुख्य लाइनवर करंट चार्जिंगला एका दिशेने आणि वापरताना दुसऱ्या दिशेने जातो, म्हणून तिथे बिनखुणेचाच, दोन्ही दिशांना चालणारा हवा.

मुख्य ब्रेकर बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात बसवा. टोक ते ब्रेकर एवढ्या वायरीला कुणाचं संरक्षण नसतं. पोलादी बोटीला धन आणि ऋण दोन्ही तोडणारा डबल पोल घ्या.

दुकानात येताना जुना ब्रेकर, त्या लाइनच्या वायरीचा तुकडा आणि लाइनवर काय काय चालतं त्याची वॅटसह यादी आणा. पंप असेल तर त्याच्या पाटीचा मोबाइलवर फोटो काढून आणा. पंपाला किती अँपिअरचा ब्रेकर चालेल ते बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं.