'अर्ली कुठे टाकायचं?' या प्रश्नामागची सत्तर वर्षं

दिवाळीच्या आगेमागे पुण्या-मुंबईतल्या, तसंच न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच मराठी घरांत एकच प्रश्न घोळत असतो: अर्ली कुठे टाकायचं? अमेरिकेतल्या नामवंत कॉलेजांचा नेहमीचा अर्ज साधारण जानेवारीच्या सुरुवातीला भरायचा असतो आणि निकाल मार्चअखेर लागतो. एक नोव्हेंबरच्या आत अर्ज केला, तर मात्र डिसेंबरच्या मध्यावरच कळतं. या लवकरच्या अर्जाचे तीन प्रकार आहेत. 'अर्ली डिसिजन'मध्ये एकच कॉलेज निवडायचं आणि त्यांनी घेतलं तर तिथे जायचंच. 'अर्ली अ‍ॅक्शन'मध्ये उत्तर लवकर मिळतं, बंधन काही नसतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड यांचा तिसराच मामला: आलंच पाहिजे असं नाही, पण त्यांच्याकडे लवकर अर्ज केला की (सरकारी विद्यापीठांसारखे काही अपवाद सोडून) दुसऱ्या खासगी कॉलेजात लवकर अर्ज करायचा नाही.

कॉलेजांची माहितीपत्रकं वाचली तर वाटतं, मुलांचा ताण लवकर संपावा म्हणून ही सोय केली असावी. पण या पद्धतीचा उगम कॉलेजांच्या स्वतःच्या एका जुन्या चिंतेत आहे. आपण बोलावलेल्यांपैकी येणार किती?

दुसऱ्या महायुद्धापूर्वी ही चिंता फारशी नव्हती. पूर्व किनाऱ्यावरच्या ठराविक खासगी शाळांतून ठराविक कॉलेजांत मुलं जात. कुणाचा मुलगा कुठे जाणार हे हेडमास्तरांना आधीच ठाऊक असे. १९५२ सालीसुद्धा हार्वर्ड दर तीन अर्जदारांपैकी सुमारे दोघांना घेत होतं. आज शंभरातल्या पाचांनाही घेत नाही. मधल्या काळात चित्र पालटलं. १९४४च्या 'जीआय बिल' कायद्यामुळे युद्धावरून परतलेले सैनिक सरकारी खर्चाने कॉलेजात आले, पदवी ही मध्यमवर्गाची गरज झाली, आणि सॅट या देशभरच्या सामायिक प्रवेश परीक्षेमुळे दूरच्या गावातल्या मुलाची गुणवत्ताही बोस्टनमध्ये बसून मोजता येऊ लागली. एक मूल तीन-चार ठिकाणी अर्ज करू लागलं. प्रवेश अधिकाऱ्यापुढे पेच पडला. हजार पत्रं धाडली तर कितीजण येतील? जास्त आले तर वसतिगृहात खाटा नाहीत, कमी आले तर फीचं अंदाजपत्रक कोसळतं.

थोरल्या तिघांनी, म्हणजे हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टननी, यावर आपल्यापुरता तोडगा काढला होता. अँडोव्हर, एक्झेटर यांसारख्या नामांकित खासगी शाळांत कॉलेजचा माणूस जाई, शाळेच्या लोकांसोबत बसून एकेका मुलाची कागदपत्रं पाही आणि प्रत्येकाच्या नावापुढे एक अक्षर लिही. 'ए' म्हणजे प्रवेश जवळजवळ नक्की, 'बी' म्हणजे सांगता येत नाही, 'सी' म्हणजे दुसरीकडे बघा. हे अक्षर मुलाला औपचारिक निकालाच्या कितीतरी आधी कळे, आणि मग तो त्या हिशेबाने बाकीचे अर्ज भरे किंवा भरतच नसे. ओहायोतल्या सरकारी शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या नावापुढे कुणी अक्षर लिहीत नव्हतं. त्याला एप्रिलपर्यंत वाट बघणं भाग होतं.

लहान कॉलेजांची अडचण निराळी होती. अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स, बोडन, वेस्लियन, डार्टमथ या न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे ईशान्य अमेरिकेतल्या, कॉलेजांना आणि 'सेव्हन सिस्टर्स' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महिला महाविद्यालयांना सतत एकच भीती असे: आपण कुणाची तरी दुसरी पसंती तर नाही ना? मग पन्नाशीच्या दशकात त्यांनी मुलांपुढे व्यवहार ठेवला. आम्ही तुमची पहिली पसंती असू तर तसं आधी सांगा, आम्हीही तुम्हाला आधी सांगतो, आणि मग तुम्ही दुसरीकडे बघायचं नाही. अर्ली डिसिजन ते हेच. त्या वेळी ती संख्येने किरकोळ गोष्ट होती. बहुतेक जागा वसंतातल्या मुख्य फेरीतच भरत.

सत्तरच्या दशकात त्या ए-बी-सीवर टीका वाढली. मोजक्या शाळांनाच आधी का सांगता, याला सभ्य उत्तर नव्हतं. थोरल्या तिघांनी ती पद्धत गुंडाळली आणि तिच्या जागी सर्वांसाठी खुली, बंधन नसलेली अर्ली अ‍ॅक्शन आणली. कागदावर हे न्याय्य होतं. पण नोव्हेंबरची मुदत कुणाला माहीत असायची, आणि त्याआधी निबंध, शिफारसपत्रं, परीक्षेचे गुण कुणाचे तयार असायचे? त्याच शाळांतल्या मुलांचे. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली कळीची जागा हीच आहे. अक्षर गेलं, पण ज्यांना ते मिळत होतं त्यांचा लाभ जिथल्या तिथे राहिला.

त्यानंतर दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. युद्धोत्तर काळात जन्मलेली भरमसाट मुलं शिकून बाहेर पडली आणि ऐंशीच्या दशकात अठरा वर्षांच्या मुलांची संख्या घटू लागली. जागा रिकाम्या राहण्याची भीती परतली. आणि १९८३ साली 'यूएस न्यूज' या साप्ताहिकाने कॉलेजांची क्रमवारी छापली. क्रमवारीच्या गणितात पुढे दोन आकडे शिरले: किती टक्के अर्जदारांना प्रवेश दिला आणि प्रवेश दिलेल्यांपैकी किती टक्के आले. पहिला जितका कमी आणि दुसरा जितका जास्त, तितकं कॉलेज वरचं.

हे गणित एकदा मांडून बघण्यासारखं आहे. समजा, एका कॉलेजात १,००० जागा आहेत, २०,००० अर्ज येतात, आणि बोलावलेल्या तिघांपैकी एकच येतो. म्हणजे ३,००० जणांना प्रवेश द्यावा लागणार. प्रवेशाचं प्रमाण १५ टक्के, येणाऱ्यांचं ३३. आता याच कॉलेजाने निम्म्या जागा अर्ली डिसिजनमधून भरल्या. ते ५०० तर बांधलेलेच आहेत, सगळे येणार. उरलेल्या ५०० जागांसाठी १,५०० जणांना बोलावलं की झालं. एकूण प्रवेश २,०००, म्हणजे प्रमाण १० टक्क्यांवर उतरलं आणि येणारे ५० टक्क्यांवर चढले. एकही नवा प्राध्यापक नेमला नाही, ग्रंथालयात एक पुस्तक वाढलं नाही, विद्यार्थीही जवळपास तेच. तरी कॉलेज अचानक 'अवघड' झालं.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने हा मार्ग सर्वांत उघडपणे वापरला. आम्हीच पहिली पसंती असू तर लवकर अर्ज करा, त्याचा विचार होईल, हे ते सांगत. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांनाही झुकतं माप हवं असेल तर लवकरच्या फेरीतच या, असा त्यांचा खाक्या होता. आयव्ही लीगमध्ये, म्हणजे हार्वर्ड-येलसह आठ जुन्या खासगी विद्यापीठांच्या गटात, एके काळी मागच्या बाकावर मानलं जाणारं हे विद्यापीठ भराभर वर आलं. ते पाहून इतरांचा धीर सुटला. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर प्रिन्स्टन, येल आणि स्टॅनफर्ड या तिघांनीही बंधनकारक अर्ली डिसिजन स्वीकारलं.

लवकर अर्ज केल्याने खरंच फायदा होतो का? कॉलेजं वर्षानुवर्षं सांगत आली की लवकर येणारी मुलं मुळात जास्त हुशार असतात, म्हणून त्यांची निवड जास्त होते. २००३ साली हार्वर्डचे ख्रिस्तोफर एव्हरी आणि रिचर्ड झेकहाउजर, तसंच वेस्लियनच्या प्रवेश विभागात काम केलेले अँड्र्यू फेअरबँक्स यांनी १४ नामवंत कॉलेजांकडे आलेल्या पाच लाख अर्जांची छाननी प्रसिद्ध केली. गुण, शाळा, घरची पार्श्वभूमी सारखी असलेल्या दोन मुलांत लवकर अर्ज करणाऱ्याला मिळणारा लाभ, १६०० गुणांच्या सॅटमध्ये सुमारे १०० गुण जास्त पडण्याएवढा निघाला. तेव्हापासून 'अर्ली टाकायचंच' हा सल्ला समुपदेशकांच्या तोंडी कायमचा बसला.

ही चढाओढ थांबवावी असं मोठ्यांनाही वाटत होतं. येलचे अध्यक्ष रिचर्ड लेव्हिन २००१च्या अखेरीस म्हणाले की सगळ्यांनी मिळून हे बंद केलं तर बरं, पण एकट्याने करणं कठीण. मिळून तरी कसं करणार? १९९१ साली अमेरिकेच्या न्याय खात्याने आयव्ही कॉलेजांवर आर्थिक मदतीच्या रकमा आपापसांत ठरवल्याचा ठपका ठेवला होता. त्यानंतर एकत्र बसून प्रवेशाचे नियम ठरवायचे म्हटलं तरी वकील हात धरत. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची, तीही एकमेकांशी न बोलता! येल आणि स्टॅनफर्ड यांनी २००२ मध्ये बंधन तेवढं सोडलं आणि आजची 'एकाच ठिकाणी, पण बिनबंधनाची' रीत आणली.

२००६च्या सप्टेंबरात हार्वर्डने घंटा बांधून पाहिली. लवकरची फेरी आधीच पुढे असलेल्यांना आणखी पुढे नेते, असं सांगत तेव्हाचे हंगामी अध्यक्ष डेरेक बोक यांनी ती रद्दच केली. प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया विद्यापीठ पाठोपाठ आले. बाकी कुणी हललं नाही. हार्वर्डला हवी असलेली मुलं डिसेंबरातच येल-स्टॅनफर्डचा होकार खिशात टाकू लागली. २०११ साली हार्वर्ड आणि प्रिन्स्टन, दोघांनीही एकाच दिवशी लवकरची फेरी पुन्हा सुरू केल्याचं जाहीर केलं. व्हर्जिनियाने तर त्याआधीच माघार घेतली होती. 'यूएस न्यूज'ने येणाऱ्यांचं प्रमाण २००३ मध्ये आणि प्रवेशाचं प्रमाण २०१८ मध्ये गणितातून काढून टाकलं, पण तोवर सवय अंगवळणी पडली होती. कितीतरी कॉलेजं आता निम्म्याच्या आसपास जागा लवकरच्या फेरीतच भरतात. मिशिगनसारखं सरकारी विद्यापीठही अलीकडे अर्ली डिसिजनकडे वळलं आहे.

२०१९ मध्ये न्याय खात्याने प्रवेश समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेला तिच्या आचारसंहितेतली काही कलमं काढायला लावली. अर्ली डिसिजनवाल्यांना खास वसतिगृह, जादा शिष्यवृत्ती अशी आमिषं दाखवू नयेत, हे त्यातलंच एक कलम. स्पर्धा वाढावी म्हणून ते काढलं, आणि आमिषाची वाट मोकळी झाली. २०२५च्या ऑगस्टमध्ये काही विद्यार्थ्यांनी बोस्टनच्या संघीय न्यायालयात ३२ कॉलेजांविरुद्ध दावा लावला: मुलाला एकाच ठिकाणी बांधून घेतल्याने किमतीची स्पर्धा संपते आणि शिक्षण महाग होतं, असं त्यांचं म्हणणं.

किमतीचा हा मुद्दा आपल्याकडच्या पालकांना लगेच कळावा, कारण पहिल्या पसंतीला बांधून घेणं आपल्याला नवं नाही. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि तिथे गेलं नाही, तर नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. इंजिनीअरिंगच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्येही, पहिला पर्याय मिळाला की जागा गोठते. पण तिथे मागच्या वर्षीचा कटऑफ समोर असतो, गुणवत्ता यादी जाहीर असते आणि फी किती हे पसंतीक्रम भरण्याआधी माहीत असतं. अर्ली डिसिजनच्या करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्या होतात तेव्हा यातलं फारसं काही ठाऊक नसतं. बारावीची परीक्षासुद्धा तेव्हा तीन-चार महिने लांब असते, म्हणून शाळेने अंदाजे गुण द्यायचे. आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांना त्याची सवय आहे. राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयात मात्र समुपदेशक हे पदच बहुधा नसतं, आणि प्राचार्यांना हा कागद काय आहे इथपासून सांगावं लागतं.

करारात एक खिडकी आहे: मिळालेली आर्थिक मदत पुरेशी नसेल तर माघार घेता येते. पण मदत पुरेशी आहे की नाही, हे दुसऱ्या कॉलेजचा आकडा हाती नसताना ठरवायचं असतं. बाकी कारणांनी शब्द मोडला तर सहसा कोर्टकचेरी होत नाही, डाग शाळेला लागतो. टुलेन विद्यापीठाने २०२५ मध्ये कोलोराडोतल्या एका शाळेला एका विद्यार्थ्याच्या माघारीपायी वर्षभर अर्ली डिसिजनमधून वगळलं.

त्यातही परदेशी विद्यार्थ्यासाठी आणखी एक भेद आहे, आणि अर्ली कुठे टाकायचं हे ठरवताना माझ्या लेखी तो कॉलेजच्या नावाहून महत्त्वाचा. मदत मागणाऱ्या परदेशी मुलाच्या निवडीवर त्या मागणीचा परिणाम होऊ न देणारी कॉलेजं थोडी आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन त्यांत आहेत. त्यांच्याचसारखी लवकरची फेरी ठेवणारं स्टॅनफर्ड नाही. अर्ली डिसिजनवाल्यांपैकी अ‍ॅमहर्स्ट पूर्वीपासून आहे, डार्टमथ आणि बोडन २०२२ मध्ये आले, ब्राऊन त्यानंतर. पेनसिल्व्हेनिया, कोलंबिया, कॉर्नेल हे परदेशी अर्जदाराची मागणी निवडताना विचारात घेतात. पूर्ण फी भरू शकणाऱ्या घराला तिथे दुहेरी फायदा: लवकर आल्याचा आणि मदत न मागितल्याचा. मदत लागणाऱ्या घराला तिथे बांधून घेण्यात तेवढा अर्थ नाही, मग समुपदेशक 'हुकमी एक्का हाच' असं कितीही सांगो.