कोण हिंसक होणार, हे डॉक्टरांना आधीच कळतं का?

वर्षानुवर्षं फिरणारा एक मेसेज सांगतो: ‘मनोरुग्ण हिंसक होणार हे डॉक्टर आधीच ओळखतात, म्हणून घरच्यांनी सही करून त्याला वेळीच भरती करावं.’ घरात भीती असली की हे पटतं, त्यात नवल नाही. पण वस्तुस्थिती वेगळी आहे.

कागद-पेन घ्या. समजा, 1000 रुग्णांपैकी 10 जण पुढे हिंसा करणार आहेत आणि चाचणी दोन्ही बाजूंनी 80 टक्के अचूक आहे. ती त्या 10 पैकी 8 जणांना ओळखेल. मात्र उरलेल्या 990 पैकी 198 निरुपद्रवी माणसंही ‘धोकादायक’ ठरतील. म्हणजे 206 जणांना कोंडायचं आणि त्यांतले खरे फक्त 8. यात दोष डॉक्टरांचा नाही. दुर्मीळ घटनेचं भाकीत असंच फसतं. म्हणून तज्ज्ञ भविष्य सांगत नाहीत, धोका किती ते अजमावतात. पूर्वी हिंसा घडली होती का, दारू किंवा नशा आहे का, हे आजाराच्या नुसत्या नावापेक्षा बरंच जास्त सांगून जातं.

आणि सही? मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 चं कलम 89 स्वतः वाचून पाहा. रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे कायद्यानुसार त्याच्या वतीने बोलणाऱ्या व्यक्तीचा, अर्ज लागतो, शिवाय दोन जाणकारांनी स्वतंत्रपणे केलेली रुग्णाची तपासणी. त्यांतला एक मनोविकारतज्ज्ञच हवा. अलीकडेच स्वतःला इजा करण्याची धमकी किंवा प्रयत्न, इतरांशी हिंसक किंवा त्यांना इजेची भीती वाटेल असं वर्तन, किंवा स्वतःला इजा होण्याचा धोका निर्माण होईल इतकी स्वतःची आबाळ, यांपैकी काहीतरी दिसायला हवं. या कलमाखालची मुदत 30 दिवसांपर्यंतच, आणि त्याविरुद्ध रुग्णाला दाद मागता येते.