फिजिक्स जीआरई कशी गेली आणि तिच्या जागी काय आलं

अमेरिकेत फिजिक्स किंवा अ‍ॅस्ट्रोनॉमीच्या पीएचडीला अर्ज करणाऱ्या पोरांना सगळ्यात उलटसुलट सल्ला कशावर मिळत असेल तर तो फिजिक्स जीआरईवर, म्हणजे प्रवेशासाठी द्यायच्या फिजिक्सच्या परीक्षेवर. दहा-बारा वर्षांपूर्वी तिकडे गेलेले सिनियर सांगतात की चांगला पर्सेंटाइल (म्हणजे परीक्षा देणाऱ्यांपैकी किती टक्के आपल्या मागे) नसेल तर अर्जाची फी वाया घालवू नकोस, आणि अलीकडे अ‍ॅडमिशन मिळालेले सांगतात आम्ही ती परीक्षा दिलीच नाही. दोघंही खरं बोलतायत, कारण मधल्या काळात नियमच पालटले, आणि ते पालटले ती गोष्ट बऱ्याच जणांना अर्धीच माहीत असते.

मुळात जीआरई १९३० च्या दशकातली. पूर्व किनाऱ्यावरच्या चार बड्या विद्यापीठांनी १९३६ मध्ये हा प्रयोग सुरू केला. कॉलेजं वेगवेगळी, मार्क द्यायच्या पद्धती वेगवेगळ्या, मग मुलांची तुलना करायची कशी, ही अडचण होती. पुढे १९४० च्या दशकाच्या शेवटी परीक्षा घ्यायचं काम एका स्वतंत्र संस्थेकडे गेलं. मग १९५७ चा सोव्हिएत उपग्रह स्पुटनिक, सरकारी पैशाचा पूर आणि फिजिक्सच्या पीएचड्यांची लाट. ती लाट आपटली तेव्हा कशी आपटली याचा एकच आकडा पुरे आहे, १९७१ मध्ये तिकडच्या फिजिक्सवाल्यांच्या प्लेसमेंट सेवेत १०५३ उमेदवार होते आणि नोकऱ्या ५३. तेव्हा "फिजिक्समध्ये पुढे स्कोप आहे का" हा प्रश्न काही आजच्या पिढीने शोधून काढलेला नाही.

आता अ‍ॅस्ट्रोनॉमीवाल्यांनी फिजिक्सचीच परीक्षा का द्यायची? अ‍ॅस्ट्रोनॉमीचा वेगळा पेपर नव्हताच, आणि तसा कोणाला फारसा खटकतही नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खगोलशास्त्र म्हणजे मुख्यतः ताऱ्यांच्या जागा मोजणं आणि कक्षांची गणितं. १८५९-६० च्या सुमाराला वर्णपटातल्या काळ्या रेघांवरून सूर्यात कोणती मूलद्रव्यं आहेत ते ओळखता यायला लागलं आणि हळूहळू सगळा विषयच फिजिक्सच्या अंगणात आला. त्यामुळे डिपार्टमेंटं म्हणणार की फिजिक्स पक्कं असलेला पोरगा द्या, आकाश आम्ही शिकवतो. हे पटण्यासारखं आहे, पण पेपर बघा ना. जुन्या पॅटर्नमध्ये १७० मिनिटांत १०० च्या आसपास प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंसुद्धा नाहीत. मेकॅनिक्स २० टक्के, इलेक्ट्रोमॅग्नेटिझम १८, क्वांटम १२, आणि अ‍ॅस्ट्रोफिजिक्स कुठे तर शेवटच्या ९ टक्क्यांच्या "स्पेशलाइज्ड" गठ्ठ्यात न्यूक्लिअर, पार्टिकल, कंडेन्स्ड मॅटर या सगळ्यांबरोबर दाटीवाटीने बसलेलं. वर चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापायचे, ते २०१७ मध्ये बंद झालं. रिसर्चमध्ये एका प्रश्नावर दोन वर्षं घालवणारा माणूस आणि दोन मिनिटांत ऑप्शन उडवणारा माणूस एकच असेल असं मानायला काही आधार नाही, तरी कित्येक वर्षं सगळे ते मानून चालले होते.

खरी ठिणगी पडली २०१४-१५ मध्ये. २०१४ साली एका नामांकित विज्ञान साप्ताहिकात लेख आला की जनरल जीआरईच्या (सगळ्याच विषयांच्या मुलांनी द्यायच्या सामायिक परीक्षेच्या) गणिताच्या भागात फिजिकल सायन्सेसच्या मुलींचा सरासरी स्कोअर मुलांपेक्षा ८० ने कमी आहे, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा गोऱ्यांपेक्षा २०० ने, आणि डिपार्टमेंटं मात्र ठरावीक आकड्याच्या खालचे अर्ज उघडतसुद्धा नाहीत. मग डिसेंबर २०१५ मध्ये तिघा खगोलशास्त्रज्ञांचा पेपर प्रीप्रिंट म्हणून, म्हणजे जर्नलमध्ये छापून यायच्या आधीच, इंटरनेटवर पडला. त्यांनी काय केलं, तर २०१० ते २०१५ मध्ये अमेरिकेतल्या मानाच्या पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या रिसर्चच्या) फेलोशिप ज्यांना मिळाल्या त्यांनाच विचारलं की बाबांनो तुमचा फिजिक्स जीआरई किती होता. उत्तर असं निघालं की ६० पर्सेंटाइलची अट लावली असती तर यातले ४४ टक्के फेलो पीएचडीच्या दारातच अडले असते, आणि बायकांमध्ये तर ६० टक्के. त्याच सुमाराला तिथल्या खगोलशास्त्रज्ञांच्या मुख्य संघटनेने डिपार्टमेंटांना जाहीर शिफारस केली, जीआरई बंद करा किंवा ऐच्छिक करा.

इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचं सगळं भांडण या एका निर्णयावरून आहे. या पेपरवर घेतला जाणारा आक्षेप साधा आहे, विचारलं फक्त यशस्वी झालेल्यांना. कमी स्कोअर असूनही ज्यांना पीएचडीला घेतलं त्यांच्याकडे बहुतेक दुसरं काहीतरी दणदणीत होतं, म्हणून तर घेतलं, आणि ज्यांना घेतलंच नाही त्यांचं काय झालं असतं ते कोणत्याच सर्व्हेत दिसणार नाही. आक्षेप बरोबर आहे. पण पेपरचा प्रश्नही तेवढाच छोटा होता की हो, कटऑफ लावला तर कोण गळतं? त्याचं उत्तर त्यांनी नीट दिलं. नुसत्या स्कोअरवर कटऑफ लावू नका असं तर परीक्षा घेणारी संस्था स्वतःच सांगत आली होती, कोणी ऐकत नव्हतं एवढंच. माझ्या मते गडबड झाली ती पुढच्या उडीत. "कटऑफ वाईट" इथून "परीक्षा निरुपयोगी" इथपर्यंत सगळे भराभर पोचले, आणि मधलं अंतर कोणी मोजलं नाही.

मोजायचा प्रयत्न २०१९ मध्ये झाला. जवळजवळ ४००० पीएचडी विद्यार्थ्यांचा डेटा घेऊन केलेल्या अभ्यासाने म्हटलं की पीएचडी पूर्ण होणार की नाही हे फिजिक्स जीआरईवरून फारसं कळत नाही, कॉलेजातल्या ग्रेड त्यापेक्षा बऱ्या. दुसऱ्याच वर्षी त्याच जर्नलमध्ये एका फिजिसिस्टने त्याच्या स्टॅटिस्टिक्सवर सडकून टीका केली, मुद्दा पुन्हा तोच, आत घेतलेल्यांचाच डेटा पाहिला तर परीक्षेचा परिणाम आहे त्यापेक्षा कमी दिसणारच. मूळ लेखकांनी उत्तर दिलं, टीकाकाराने मत बदललं नाही, आणि तो वाद अजून तसाच लोंबकळतोय. दोन्ही बाजूंना स्टॅटिस्टिक्स येतं, म्हणून तर तो मिटत नाही.

मग आला २०२०. परीक्षा केंद्रंच बंद पडली, कागदावरची फिजिक्स जीआरई वर्षातून मोजक्याच वेळा व्हायची, तीही रद्द. जी डिपार्टमेंटं चार वर्षं मीटिंगा घेत होती त्यांनी "या वर्षापुरती" अट काढली, आणि बहुतेक ठिकाणी ते या वर्षापुरतं पुढे चालूच राहिलं. म्हणजे शिफारशीने जे अर्धवट झालं होतं ते व्हायरसने पुरं केलं.

परीक्षा गेली, पण जागा तेवढ्याच आणि अर्ज वाढलेले, तेव्हा चाळणी कुठली तरी लागणारच. ती चाळणी आता रिसर्चचा अनुभव आणि रेकमेंडेशन लेटर ही आहे. ऐकायला छान वाटतं, रिसर्च करायला घ्यायचं तर रिसर्चच बघा. पण अनुभव मिळवायचा कुठून? तिथल्या मुलांसाठी उन्हाळ्यात पगार देऊन रिसर्च करायला लावणारा मोठा सरकारी कार्यक्रम १९८७ पासून आहे, आणि त्यात फक्त तिथले नागरिक किंवा कायम रहिवासी घेतात. बाहेरच्या मुलाला ते दार बंद. लेटरचंही तेच, प्रवेश ठरवणाऱ्या कमिटीतल्या लोकांना लिहिणारा माहीत असेल तर दोन ओळी पुरतात, नसेल तर दोन पानं लिहून उपयोग नाही. ज्या कॉलेजचं नाव तिकडे कोणी ऐकलेलं नाही अशा कॉलेजातल्या मुलाकडे आधी निदान एक आकडा होता, ९९० पैकी ९०० च्या वर मारले की फाइल उघडली जायची. तो आकडा मुलींना आणि तिकडच्या वंचित गटांना दारातच अडवत होता हे खरंच, आणि तोच आकडा दुसऱ्या टोकाच्या कोणाला दार उघडून देत होता हेही खरं. शिफारस करणाऱ्यांचा सगळा विचार पहिल्या गटाभोवती फिरला, दुसरा गट त्यांच्या मीटिंगमध्ये बसलेला नव्हता.

गंमत म्हणजे याच काळात, याच क्षेत्रात, दुसऱ्या एका दारावर नेमकं उलट घडलं. हबल दुर्बिणीचा वेळ मागणाऱ्या प्रस्तावांवर २०१८ च्या फेरीपासून नावंच झाकायला सुरुवात झाली, कोणाचा प्रस्ताव आहे हे परीक्षकाला कळू द्यायचं नाही, नुसतं सायन्स वाचा. त्या पहिल्याच फेरीत बायकांच्या प्रस्तावांना ८.७ टक्के यश आणि पुरुषांच्या ८.० टक्के, एरवी कल पुरुषांच्या बाजूने असायचा. म्हणजे मोठ्या लोकांना दुर्बीण देताना नाव झाका, आणि बावीस वर्षांच्या पोराला आत घेताना लेटरवर सही कोणाची ते बघा! विद्यार्थ्याचा अर्ज तसा झाकणं सोपं नाही हे मान्य, पण दोन्ही निर्णय एकाच "न्याय्य निवड" या नावाखाली झाले हे लक्षात ठेवायला हवं.

परीक्षा पूर्ण मेलेली मात्र नाही. २०२३ पासून ती कॉम्प्युटरवर आली, ७० च्या आसपास प्रश्न आणि दोन तास, म्हणजे पेपर छोटा झाला पण घाई जवळजवळ तेवढीच. डिपार्टमेंटांच्या पेजवर आता तीन प्रकारची भाषा सापडते. काही ठिकाणी स्कोअर बघणारच नाही म्हणतात, तिथे पाठवून उपयोग नाही. काही ठिकाणी ऑप्शनल, आणि इथेच सगळ्यांचा गोंधळ उडतो, कारण चांगला स्कोअर असणारेच तो पाठवतात, मग न पाठवणाऱ्याबद्दल वाचणारा मनात काय धरतो ते कमिटीतला माणूसही नीट सांगू शकत नाही. काही ठिकाणी, जास्त करून फिजिक्स डिपार्टमेंटांत, बाहेरच्या कॉलेजातून येणाऱ्यांनी पाठवला तर बरं असं आडून सुचवलेलं असतं. त्यात २०२५ च्या सुरुवातीपासून सरकारी रिसर्च निधीला कात्री लागायची चिन्हं दिसल्यावर काही विद्यापीठांनी पीएचडीच्या जागाच कमी केल्या. त्यामुळे सिनियरचा सल्ला घेताना तो कुठल्या साली आत गेला हे आधी विचारा, आणि ज्या डिपार्टमेंटला अर्ज करताय त्यांचं यंदाचं पेज स्वतः उघडून वाचा, गेल्या वर्षीचा स्क्रीनशॉट चालणार नाही.