नवजात बाळाची कावीळ : इंदूरच्या सरकारी रुग्णालयात मोफत उपचार कसे मिळतात

जून २०११ पासून लागू असलेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाच्या तपासण्या, औषधे, गरज पडल्यास रक्त आणि ने-आण हे सर्व विनामूल्य आहे. सुरुवातीला ३० दिवसांपर्यंत असलेला हा हक्क पुढे एक वर्षाच्या बाळापर्यंत वाढवण्यात आला. उत्पन्नाची अट नाही, दारिद्र्यरेषेचे कार्ड लागत नाही आणि वेगळा अर्जही करावा लागत नाही. बाळाला घेऊन पोहोचणे हाच अर्ज.

जिल्हा रुग्णालयात किंवा महाराजा यशवंतराव रुग्णालयात आईच्या नावाने नोंद होते, त्यामुळे बारसे झालेले नसले तरी अडत नाही. तिथे ‘पीलिया’ म्हटले की लगेच कळते. सोबत माता-बाल संरक्षण कार्ड, प्रसूतीनंतर मिळालेला सुटीचा कागद आणि आईचे आधार कार्ड ठेवावे. यांत माता-बाल कार्ड सर्वांत मोलाचे, कारण त्यावर आईचा रक्तगट असतो. तो आरएच निगेटिव्ह किंवा ‘ओ’ असेल, तर बाळाची कावीळ झपाट्याने वाढू शकते आणि डॉक्टरांना ते आधी कळणे आवश्यक असते. पहिल्या बाळंतपणासाठी पुण्या-नागपूरहून इंदूरला माहेरी आलेल्या मुलींच्या घरी हमखास विचारले जाते की, कार्ड महाराष्ट्रातले आहे, चालेल का? कार्यक्रम केंद्र सरकारचा आहे, त्यामुळे चालते. एखादा कागद घरी राहिला म्हणून मात्र निघण्यास उशीर करू नये. तो मागाहून आणता येतो.

पहिल्या २४ तासांत पिवळेपणा दिसला, तो तळहात-तळपायांपर्यंत उतरला, किंवा बाळ दूध ओढेनासे झाले, सुस्त पडले, तर १०८ वर फोन करून त्याच क्षणी निघावे. कोवळे ऊन दाखवत दिवस काढणे धोक्याचे आहे, कारण अतिरिक्त बिलिरुबिन (कावीळ आणणारे रक्तातील पिवळे द्रव्य) मेंदूत शिरले की होणारी इजा भरून येत नाही. नवजात शिशु कक्षातल्या निळ्या प्रकाशाखाली, डोळे झाकून ठेवलेल्या बाळाच्या त्वचेतील बिलिरुबिनचे रूप बदलते आणि ते शरीराबाहेर टाकले जाते; या काळात स्तनपान चालूच ठेवायचे असते.

खाजगी रुग्णालयात जायचे झाल्यास ते आयुष्मान योजनेत संलग्न आहे का, हे आधी विचारावे. आई-वडिलांच्या आयुष्मान कार्डावर नवजात बाळालाही उपचार मिळतात. सरकारी रुग्णालयात कोणी पैसे मागितले, तर १८१ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.