अमळनेर : वास्तू व औद्योगिक वारसा

जळगाव जिल्ह्यातील बोरीकाठचे तालुक्याचे गाव. बोरी ही तापीची उपनदी. पावसाळा सरला की तिचे पात्र बहुतेक कोरडे पडते. संत सखाराम महाराजांची समाधी या पात्रातच आहे आणि वैशाखातली यात्राही तिथेच भरते. जुन्या तटबंदीची खूण म्हणून दगडी दरवाजा उरला आहे. त्याचाही एक बुरूज अलीकडे ढासळला.

गावाची आजची ओळख मात्र कापसाने घडवली. खानदेशच्या काळ्या जमिनीतला कापूस सुरत–भुसावळ लोहमार्गामुळे बाहेर जाऊ लागला. त्याच कापसाचे गावातच सूत-कापड करण्यासाठी श्रीमंत प्रताप शेठ यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रताप मिल उभारली. गिरणीच्या पैशातून शाळा निघणे नवीन नव्हते. अमळनेरात तत्त्वज्ञानाची संशोधनसंस्था निघाली, हे मात्र अपूर्व म्हणावे लागेल. 1916 साली स्थापन झालेल्या या तत्त्वज्ञान मंदिरात वेदान्ताच्या अभ्यासकांना शिष्यवृत्ती देऊन ठेवले जाई. संस्थेच्या इंग्रजी त्रैमासिकाचे संपादन जी. आर. मलकानी करीत. कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे तत्त्ववेत्ते काही काळ इथे संचालक होते. गिरणीच्या गावात अद्वैतावर वाद रंगत, हे चित्र आज कुणाला पटणार नाही. साने गुरुजीही इथे शिकले. पुढे 1924 पासून त्यांनी प्रताप हायस्कूलमध्ये शिकवले, वसतिगृह सांभाळले आणि 1930 मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली. गावाचा साहित्याशी संबंध पुढेही टिकला : अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे 1952 आणि 2024 अशा दोन वेळा भरले.

दुसरा मोठा कारखाना भुईमुगाच्या जोरावर आला. महंमद हाशिम प्रेमजी यांनी 29 डिसेंबर 1945 रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली. शेंगदाण्याच्या तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मुरवला की पातळ तेल तुपासारखे थिजते. तेच 'सनफ्लॉवर' वनस्पती म्हणून डब्यांत भरले जाई. तेलशुद्धीत मागे राहणारा ऐवजही वाया जात नसे, त्याचा '787' नावाचा कपड्यांचा साबण होई. 1966 मध्ये वडील वारल्यावर अझीम प्रेमजी अमेरिकेतले शिक्षण सोडून परतले, तेव्हा त्यांच्या हाती आली ती हीच तेल-साबणाची कंपनी. 'विप्रो' हे नाव तिच्याच लांबलचक नावातल्या अक्षरांवरून पडले.