सोसायटीतला डांबरी रस्ता: मुहूर्त आणि निगा

मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर असतो, तेव्हा तिथल्या डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर गेलेला असतो. नवं काळंभोर डांबर अंगावर पडणाऱ्या उन्हापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त ऊन पिऊन टाकतं. भारतीय मानकात डांबराचा दाटपणा ६० अंशांना मोजतात, तो याच हिशेबाने. बाजारातल्या ‘व्हीजी-१०’, ‘व्हीजी-३०’, ‘व्हीजी-४०’ या डांबराच्या प्रती (‘व्हीजी’ म्हणजे व्हिस्कॉसिटी ग्रेड) म्हणजे त्या दाटपणाची मापं. आकडा मोठा तितकं डांबर घट्ट. आठवडाभराच्या कमाल तापमानाची सरासरी ३८ ते ४५ अंश असते तिथे व्हीजी-३० आणि ४५च्या वर जाते तिथे व्हीजी-४० वापरावं, असं मानक सांगतं. सोसायटीच्या कोटेशनमध्ये मात्र ‘२५ मिमी कार्पेट, सील कोटसह’, म्हणजे खडी-डांबराचा थर आणि त्यावर पातळ लेप, एवढंच लिहिलेलं असतं. प्रत कोणती, ते आधी लिहून घ्यावं.

डांबराचं वागणं गुळाच्या पाकासारखं असतं: गरम असताना वाहतं, कोमट झालं की ताणतं, गार पडलं की तुटतं. खडी आणि डांबराचा हॉटमिक्स माल प्लांटमधून निघतो तेव्हा दीडशे अंशांच्या पुढे असतो. व्हीजी-३०चा माल अंथरताना तो निदान १४० अंशांवर असायला हवा आणि रोलरचं काम ९० अंशांच्या आत यायच्या आधी उरकायला हवं. या दोन आकड्यांमध्ये जो वेळ मिळतो, त्यात रस्त्याचं बरंचसं भवितव्य ठरतं. डांबर पातळ असतं तोवर खडीचे दाणे एकमेकांवरून सरकून घट्ट बसतात. ते गार झालं की रोलर नुसता वरून फिरतो, फार तर खडी फोडतो. दबाई नीट झालेल्या थरात हवेच्या पोकळ्या सात-आठ टक्क्यांच्या आत राहतात. त्याहून जास्त राहिल्या तर त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि पावसाच्या पाण्याला आतपर्यंत वाट मिळते.

गोम अशी की आपल्याकडचे थर पातळ असतात. थंडीच्या सकाळी, जमीन गार असताना, २५ मिमीचा थर दहा-पंधरा मिनिटांत हातचा जातो. जाडी दुप्पट केली तर वेळ दुपटीहून बराच जास्त मिळतो, कारण उष्णतेला आतून बाहेर यायला लांबचा पल्ला पडतो. म्हणून पुण्या-नाशकात जानेवारीत काम असेल तर साडेदहा-अकराच्या आधी पहिला डंपर रिकामा करू देऊ नये आणि चारच्या सुमारास आवरतं घ्यावं.

मग मे महिना चांगला, असं वाटेल. दबाईपुरतं ते खरंही आहे: माल उशिरा गार होतो, रोलरला सवड मिळते. पण दुपारी केलेला रस्ता दिवस मावळेपर्यंत मऊच राहतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा साठीच्या घरात तापतो, आणि सोसायटीत गाड्या बाहेर ठेवायला कोणी तयार नसतं. त्यात पंधरा दिवसांनी पाऊस. ऑक्टोबर त्याहून वाईट, कारण वरून कोरडं दिसलं तरी खालचा मुरूम ओला असतो. खाली काळी माती असेल तर ती फुगलेली असते. उन्हाळ्यात ती आकसते आणि रस्त्याच्या कडेने लांबच लांब भेगा पडतात. माझ्या मते नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हा काळ सगळ्यात बरा. पाया वाळलेला असतो, हवा कोरडी असते, आणि पहिल्या कडक उन्हाळ्याआधी रस्त्याला मुरायला दोन-तीन महिने मिळतात. मेशिवाय जमतच नसेल तर काम संध्याकाळी करावं, म्हणजे रात्रभर गार व्हायला वेळ मिळतो.

मार्चअखेर शक्यतो टाळावा. सरकारी कामांची बिलं काढायची घाई असते, प्लांट तिकडेच जुंपलेले असतात आणि आपल्या दीड-दोन डंपरच्या कामाला उरलासुरला, तासन्‌तास उभा राहिलेला माल येतो.

काम चालू असताना पाहण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. एक, डंपर मोजा. २५ मिमीचा दाबलेला थर म्हणजे चौरस मीटरला साधारण ५५ ते ६० किलो माल. दहा टनांच्या डंपरमध्ये पावणेदोनशे चौरस मीटरच्या आसपास होतात. चारशे चौरस मीटरचा रस्ता एकाच डंपरमध्ये ‘झाला’ असेल, तर जाडी निम्म्याहूनही कमी आहे. दुसरी गोष्ट रोलरजवळची. चाकाला माल चिकटू नये म्हणून एक माणूस चिंधी घेऊन मागे चालत असतो. चिंधी पाण्यात बुडवलेली असेल तर ठीक. पुष्कळदा ती डिझेलमध्ये बुडवलेली असते. डिझेल आणि डांबर दोन्ही खनिज तेलातूनच निघतात, आणि डिझेलमध्ये डांबर विरघळतं. जिथे ते ठिपकलं तिथली खडी पुढे सुटायला लागते. रोज एकाच जागी लागणाऱ्या स्कूलबसखाली पडणारा खड्डा याच जातीचा. पेट्रोल सांडलं तर ते उडून तरी जातं, डिझेल आणि इंजिन ऑइल मुरत राहतं. भुसा किंवा माती टाकून ते लगेच टिपून घ्यावं.

पहिले काही दिवस गाड्या बाहेर. नंतरही पहिल्या उन्हाळ्यात गाडी जागच्या जागी उभी असताना स्टिअरिंग पिळू नये, टायर वरचा थर खरवडतो. मोटरसायकलचा साइड स्टँड तर मऊ डांबरात सरळ घुसतो. टायर आपला भार तळव्याएवढ्या जागेवर पसरतो, स्टँडचं टोक जेमतेम बोटाएवढं. खाली फरशीचा किंवा लाकडाचा तुकडा ठेवला की काम होतं.

तीन-चार वर्षांत रस्ता करडा पडतो. ऊन आणि प्राणवायू मिळून डांबराचं ऑक्सिडीकरण करतात, त्यातले हलके, तेलकट अंश कमी होतात आणि ते ठिसूळ बनतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, म्हणून विदर्भातला रस्ता महाबळेश्वरातल्या रस्त्यापेक्षा लवकर म्हातारा होतो. ठिसूळ डांबराला केसाएवढ्या भेगा पडतात. पाणी त्यातून शिरून खडीवरचं डांबराचं आवरण सोडवतं. आपला काळा दगड डांबर बऱ्यापैकी धरून ठेवतो, पण थर महिनाभर भिजत राहिला तर त्याचाही इलाज चालत नाही.

भेगा भरायला फेब्रुवारी बरा, कारण गारव्याने त्या उघडलेल्या असतात. आतली माती ब्लोअरने किंवा काड्यांच्या झाडूने काढून गरम डांबर ओतावं आणि वर कच पसरावी. सगळ्या पृष्ठभागावर सील कोट द्यायचा असेल तर तो चार-पाच वर्षांनी, बिटुमेन इमल्शनचा, म्हणजे पाण्यात बारीक थेंबांनी मिसळलेल्या डांबराचा, द्यावा. त्याने ताकद वाढत नाही, म्हातारपण लांबतं एवढंच. दगडी कोळशापासून काढलेल्या डांबराचा लेप नको. त्यातल्या कर्करोगकारक संयुगांमुळे अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराने २००६पासून त्यावर बंदी घातली.

सगळ्यात सोपा मोह म्हणजे जुन्यावर नवा थर. प्रत्येक थराने रस्ता इंच-दीड इंच वर येतो आणि तीन फेऱ्यांनंतर पाणी गटाराकडे जायच्या ऐवजी पार्किंगमध्ये उतरतं. त्यापेक्षा खराब भाग चौकोनी कापून, कडा डांबराने माखून, थराथराने भरावा. उतार दर मीटरला दोन ते अडीच सेंटीमीटर हवा. शेवटचा हप्ता देण्याआधी टँकर किंवा पाइप लावून सगळा रस्ता भिजवावा आणि अर्ध्या तासाने जिथे पाणी साचलेलं दिसेल तिथे खडूने गोल करून कंत्राटदाराला बोलवावं.